दोन डाव्या बाह्या

मी एक जुनी कात्री आहे. कापडाची, मित्रांनो, कागदाची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं निम्मं दुखणं त्यातच आहे. लांब पाती, काळी मूठ आणि स्वभावाने उतावीळ. पाती मिटून गप्प पडून राहणं मला जमत नाही. अंग नुसतं शिवशिवतं.

भट्टी आणि घण मला फारसे आठवत नाहीत. नीट आठवतं ते बाईंचं टेबल. बाई कोट शिवायच्या. एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला खडू आणि मधोमध मी. कागदाने माझी धार मरते, म्हणून दुकानात मला कागद दाखवायची बंदी होती. बाईंच्या लेकीने लहानपणी वहीचं कव्हर कापायला मला उचललं, तर बाईंनी तिच्या हातावर अशी चापट दिली की पोर दिवसभर फुगून बसली. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, हात काय सुरेख चालतो तुमचा." हात बाईंचा खरा, पण चालत होते मीच ना? मी मनातल्या मनात फुलून जायचे.

मग तो कोट आला. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायला म्हणून एका माणसाने जपून ठेवलेलं लोकरी कापड आणलं होतं. कापड तोकडं. एरवी बाई घडी घालून दोन्ही बाह्या एकदम बेतायच्या, म्हणजे एक डावी, एक उजवी आपोआप निघते. त्या दिवशी घडी बसेना. एकेक बाही सुटी बेतली आणि दुसऱ्या वेळी नमुना पालटायचं राहून गेलं. दोन्ही बाह्या डाव्या. कापडाला उलट-सुलट बाजू, त्यामुळे फिरवून लावायचीही सोय नाही. तो माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. "राहू द्या, बाई," एवढंच म्हणाला आणि उरलेलं कापड गुंडाळून निघून गेला.

बाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि मला घरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे मी कसे दिवस काढले ते मलाच ठाऊक. बाहेर बाईंच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. लेक म्हणायची, "आई, अगं बस की जरा." बाई बसायच्या, बोटाने टेबलावर रेघा ओढायच्या आणि लगेच उठायच्या. त्यांनाही चैन नव्हतं आणि मलाही.

लेक आता मोठी झाली होती. रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती एक वर्ग घ्यायची. कॉलेजची मुलं, नोकरदार, निवृत्त मंडळी यायची आणि आपल्याला पुढे काय करायचंय त्याचं चित्र पुठ्ठ्यावर मांडायची. जुन्या मासिकांतले फोटो, रंगीत कागद, बटणं, दोरे. "डोळ्यांसमोर असलं की पाय तिकडे वळतात," असं लेकीचं म्हणणं. एकदा कात्र्या कमी पडल्या, तेव्हा तिने आईला न विचारता मला पिशवीत टाकलं.

आणि मला मासिकं कापायला लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मला पाय नाहीत ही गोष्ट वेगळी. एका बसड्रायव्हर काकांनी माझ्याकडून अख्खा डोंगर कापून घेतला, कारण निवृत्तीनंतर त्यांना तो चढायचा होता. दर रविवारी माझी धार उतरत गेली. तरी खरं सांगू? ड्रॉवरपेक्षा ते बरं होतं.

एका रविवारी लेक आईलाच घेऊन आली. "नुसती बस. काही चिकटवू नकोस हवं तर." बाईंसमोर कोरा पुठ्ठा ठेवला. त्यांनी मासिक चाळलं, मिटलं, खिडकीशी जाऊन आल्या. कात्र्यांच्या डब्यात माझा जीव वर-खाली होत होता. आज हा पुठ्ठा कोरा राहिला तर बाई पुन्हा कधीच कापड बेतणार नाहीत, हे मला दिसत होतं.

शेजारी एक उंच मुलगी होती. तिला जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. तिने मला उचललं आणि निळ्या कागदातून अधिकाऱ्याचा कोट कापायला घेतला. अंग झालं, एक बाही झाली, दुसरी झाली. चिकटवायला गेली तर काही जमेना.

"दोन्ही डाव्या काढल्यास," बाई म्हणाल्या.

मुलीने बाही पालटून पाहिली. मागची बाजू पांढरी. "अय्या, खरंच की. थांबा, दुसरी कापते." आणि तिने सरळ नवा कागद ओढला.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मीही हेच केलं होतं. एका गिऱ्हाइकाच्या कापडावर."

"मग काय केलंत?"

"दुकान बंद केलं."

"एका बाहीपायी, मावशी?"

काका डिंक लावायचे थांबले. बाईंनी मुलीच्या हातातून मला घेतलं, धारेवर अंगठा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हिने कागद कापलात?" लेकीने नकळत हात मागे घेतला.

पण चापट बसली नाही. बाईंनी गळ्यातला सुती स्कार्फ काढला, घडी घातली आणि मला चालवलं. मी कापड चावलं, ओढलं, कडेचे दोरे सुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घडी उलगडली तेव्हा दोन इवल्या बाह्या निघाल्या, एक डावी, एक उजवी. बाईंनी त्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या.

दुसऱ्याच दिवशी मला धारवाल्याच्या चाकावर धरलं. फार झोंबलं, पण मी हूं की चूं केलं नाही. तो पुठ्ठा आता दुकानात टेबलासमोर टांगलाय. आज त्या कोटाचा तोच माणूस आलाय, बाईंनी निरोप धाडून बोलावलेला. नवं कापड ठेवून म्हणाला, "जाकीट चालेल, बाई. बाह्यांची भानगडच नको."

"कोटच शिवणार," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही ड्रॉवरमध्ये कोणीतरी पडलं असेल. त्याला बाहेर काढा, धार लावा. आणि कागदाला दुसरी कात्री घ्या, एवढी कृपा करा. आता मला जाऊ द्या. घडी घालून झालीय, खडूच्या रेघा उमटल्यात, बाईंचा हात माझ्याकडेच येतोय.