वरचे दोन बटाटे

मी वजनकाटा बोलतोय. कोचाबांबा शहरातल्या आमच्या वस्तीत जे सुपरमार्केट आहे, तिथे बटाट्यांच्या ढिगाशेजारी उभा असतो, तोच मी. जागचा हलत नाही, पण वस्तीची सगळी खबर माझ्याकडे असते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकट्यापुरते टोमॅटो घेतले, की समजावं बायको माहेरी गेली. मी कुणाच्या चौकशा करत नाही हं. लोकच माझ्या पारड्यात आणून टाकतात.

आधी माझ्यामागे फिलोमेना उभी असायची. बटण ती दाबायची, पिशवीला गाठही तीच मारायची.

"काय गं कासेरा, पाहुणे वाटतं?"

"कसले पाहुणे, कासेरा! जावई येतोय."

आमच्याकडे विकणारी घेणारीला कासेरा म्हणते आणि घेणारी विकणारीलाही. वजन झालं की गिऱ्हाईक पिशवी पुढे धरून म्हणायचं, "यापा?" मग फिलोमेना वरून दोन बटाटे नाहीतर एखादी मिरची टाकायची. यापा न घेता कुणी निघालं, तर तीच रुसायची. आकडा सांगून मी मोकळा. वरचं द्यायचं काम माणसाचं.

पुढे मॅनेजर रोलान्दोने माझ्या बटणांवर चित्रं चिकटवली. आता ज्याने त्याने आपलं आपण तोलायचं. फिलोमेनाची रवानगी मागच्या खोलीत, कांदे निवडायला. बायका चष्मे शोधायच्या, बटाट्याऐवजी लिंबू दाबायच्या, पुन्हा तोलायच्या. या कामाचे कुणी त्यांना पैसे देत नव्हतं, तरी बिचाऱ्या रांग लावून करायच्या. अख्ख्या वस्तीला मी तोलायला शिकवलं, याचा मला अभिमान आहे.

एका शनिवारी दोन्या बासिलिया आली. वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. शेंगदाण्याच्या सुपासाठी तिला बटाटे हवे होते. यंदा वस्तीच्या संताचा सण पार पाडायचा, सगळ्यांना जेवू घालायचा मान तिच्याकडे होता. सगळ्या वस्तीने विश्वासाने दिलेला. तिने बटाटे तोलले, माझ्यातून निघालेली वजनाची चिठ्ठी पिशवीवर चिकटवली आणि सवयीने वरून दोन बटाटे पिशवीत टाकले.

गल्ल्यावर पुन्हा वजन करणारा दुसरा काटा होता, कालचा पोरगा. त्याचा लाल दिवा पेटला. रोलान्दो धावत आला.

"दोन्या, चिठ्ठीवर आहे त्यापेक्षा माल जास्त भरतोय."

रांगेतल्या माना वळल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आणि हिच्या हाती सण दिलाय!" बासिलियाचा चेहरा उतरला.

रोलान्दो तसा वाईट नाही. हळूच म्हणाला, "जाऊ द्या. बटाट्यांजवळचा तो काटा जुना झालाय, चुकला असेल. काढूनच टाकतो."

माझ्या पारड्यात धस्स झालं. तिने नुसती मान हलवली असती, तरी ती सुटली असती आणि मी भंगारात गेलो असतो.

"काटा खरा आहे, बाळा," बासिलिया मोठ्याने म्हणाली. "त्याला नावं ठेवू नकोस. वरचे दोन बटाटे मी टाकले."

"म्हणजे, मुद्दाम?"

"मग! निवडले मी, तोलले मी, गाठ मी मारली. फिलोमेनाचं सगळं काम माझ्या गळ्यात घातलंस. मग यापा काय तू घरी आणून देणार होतास?"

रांगेत हशा पिकला. शिंपी ओरडला, "साहेब, मला दुप्पट द्या! मी आधी चुकून लिंबू दाबलं, दोनदा तोललं!"

गलका ऐकून फिलोमेना बाहेर आली. कांद्याने डोळे लाल.

"काय झालं गं, कासेरा?"

"तुझा यापा माझ्या हाताने घेतला, तर चोर ठरले बघ."

फिलोमेनाने पिशवीची गाठ सोडली. दोन बटाटे बाहेर काढले, सगळ्यांना दाखवले आणि पुन्हा आत टाकले.

"घे. हे मी दिले."

रोलान्दो डोकं खाजवत राहिला. मग त्याने स्वतःच तो लाल दिवा बंद केला. सणाचा मानही बासिलियाकडेच राहिला, असं शिंप्याकडून कळलं.

आज माझी चित्रं पुसट झालीत. तोलायचं अजून गिऱ्हाइकांनीच. फिलोमेना अजून कांद्यातच. पण तोलून झालं की प्रत्येकजण मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारतो, "कासेरा!" आणि ती हात पुसत येते.

मी खरा आहे, हे भर दुकानात एका बाईने स्वतःचं नाव पणाला लावून सांगितलं. असा मान किती काट्यांना मिळाला असेल?

तुम्हीही या कधीतरी. बटण सापडलं नाही तर घाबरू नका, मी आहे. फक्त पिशवीला लगेच गाठ मारू नका. आधी हाक मारा.