जास्वंदीवरचा पहारा

उपेंद्रराव सबनिसांनी सारी नोकरी बंगळुरातल्या विमानांच्या सरकारी कारखान्यात केली. तिथे ते नेमकं काय करत, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. लग्न नवं असताना नीलाताईंनी एकदा विचारलं होतं. "कामाचं आहे, विचारू नकोस," एवढंच उत्तर मिळालं. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, हे रिटायर झाले, पण ताकास तूर काही लागू दिली नाही.

आणि हाच माणूस घरच्या वायफायचा पासवर्ड येईल त्याला वाटत सुटला होता. जयनगरातल्या त्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग पासवर्ड, मग कॉफी. घराचं नाव 'गौरीनंदन'. पासवर्ड तोच, पुढे एक-दोन-तीन-चार. नाव तर फाटकावरच रंगवलेलं, म्हणजे विचारायचेही कष्ट नकोत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडे तो होता, इस्त्रीवाल्याकडे होता, आणि कारखान्यातला जुना सोबती शिवकुमार तर रोज दुपारी व्हरांड्यात बसून त्याच वायफायवर अमेरिकेतल्या मुलीशी गप्पा मारायचा. त्याच्या घरी नेट नव्हतं असं नाही. "पण राव, तुमच्याकडे स्वल्प फास्ट आहे," असं आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणायचा.

सून मुग्धा पुण्याची. हेब्बाळच्या एका कंपनीत रुग्णालयांची माहिती सांभाळायचं काम करायची. जयनगर ते हेब्बाळ म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, त्यामुळे तिने कायम घरूनच काम करायची परवानगी मागितली होती. कंपनीची अट एकच होती, घरचं नेटवर्क तपासणीत पास व्हायला हवं. नाही झालं तर रोज ऑफिस, आणि मग ती आणि नवरा शुभंकर हेब्बाळलाच भाड्याने घर घेणार. हे ऐकल्यापासून उपेंद्ररावांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. पोरं आल्यापासून घर कसं भरलेलं वाटत होतं. दुपारी मुग्धा खोलीतून बाहेर येऊन "बाबा, चहा टाकू?" म्हणायची, तेवढ्यासाठी ते डुलकीसुद्धा आवरती घ्यायचे.

कंपनीतल्या यशश्रीने ऑफिसात बसूनच मुग्धाच्या लॅपटॉपवरून तपासणी केली. पासवर्डचं काय म्हणाली ते सोडाच. पण वायफायवर एक अनोळखी यंत्र सापडलं होतं, आणि ते रात्रंदिवस कुठल्यातरी परदेशी पत्त्यावर काहीतरी पाठवत होतं. ते काय आहे हे कळल्याशिवाय परवानगी नाही, म्हणाली.

"घरात आणखी काही जोडलंय का कुणी?" मुग्धाने जेवताना विचारलं. शुभंकर नाही म्हणाला. नीलाताई म्हणाल्या, माझा तर फोनच धड चालत नाही. उपेंद्रराव आमटी ओरपत राहिले.

त्यांना ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. फाटकाजवळच्या जास्वंदीची फुलं रोज पहाटे कुणीतरी फिरायला जाता जाता तोडून न्यायचं, आणि यांच्या गणपतीला उरायच्या कळ्या. नीलाताई म्हणायच्या, "जाऊ द्या हो, शेवटी देवालाच वाहणार ना?" पण उपेंद्ररावांच्या डोक्यात ते बसलं होतं. बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन त्यांनी एक बारकासा कॅमेरा आणला आणि कुणाला न सांगता खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीआड लावला. डब्यावरचा पासवर्ड तसाच ठेवला, कारण दुकानदार म्हणाला होता, "काही करू नका सर, आपोआप चालतं." आता सांगितलं तर बायको हसणार. फुलांसाठी पहारा! एवढ्या लाजेपायी गप्प बसले शहाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा फोनवर कुणाला तरी हेब्बाळच्या तळ्याजवळच्या फ्लॅटबद्दल विचारत होती. आवाज अगदी साधा, जणू भाजीचा भाव विचारतेय. उपेंद्रराव उठले, कुंडीआडून कॅमेरा काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"माझा आहे. जास्वंदीसाठी."

मुग्धाने फोन ठेवला. कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "चोर सापडला का?"

"नाही. पहाटे यात नुसता अंधार दिसतो."

"बाबा, डब्यावरचाच पासवर्ड असेल तर हा कुणालाही उघडता आला असता. यात रोज कोण दिसत होतं?"

रोज सकाळी बनियनवर झाडांना पाणी घालणारे उपेंद्रराव दिसत होते. जगात कुणी कुणी पाहिलं असेल देव जाणे. त्यांचे कान तापले. अख्खी हयात कारखान्याचा कागद टेबलावर उघडा टाकला नाही, आणि स्वतःच्या घराची खिडकी सताड उघडी ठेवली होती.

मग मात्र त्यांनी मुग्धा म्हणेल ते ऐकलं. कॅमेरा बंद. राउटरचं सॉफ्टवेअर नवं, पासवर्ड लांबलचक. एकाच गोष्टीवर अडले. "शिवकुमारला नाही म्हणायचं? दारी आलेल्या माणसाला?"

"नाही कशाला? पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं. त्यातून आतल्या कशाला हात लागत नाही."

हे त्यांना चटकन पटलं. कारखान्यातही भेटायला येणाऱ्यांची खोली फाटकापाशीच होती. चहा मिळायचा, आत जाता यायचं नाही. शिवकुमारला सांगताना मात्र जीभ जड झाली. तो उलट हसला. "राव, कारखान्याच्या गेटवर रोज माझा डबा उघडून बघायचे, तेव्हा मी कधी रागावलो? सरी सरी, बरं, नवा पासवर्ड सांगा." आणि मुलीला फोन लावून मोकळा झाला.

शुक्रवारी परवानगी आली. नीलाताईंनी शिरा केला. मुग्धा म्हणाली, "मी बाहेर असताना काही बिघडलं, तर आतला पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत हवा." उपेंद्रराव खुर्चीत सावरून बसले. त्यांच्याइतका गुपितं सांभाळणारा माणूस घरात दुसरा कोण? मुग्धा उठली आणि सासूबाईंच्या कानाशी वाकली. नीलाताईंनी दोनदा पुटपुटून पाठ केला.

संध्याकाळी पोरं फिरायला गेली. नीलाताई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. उपेंद्रराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय ठेवलाय गं पासवर्ड?"

नीलाताईंनी मान वर केली नाही.

"कामाचं आहे," त्या म्हणाल्या. "विचारू नका."

एवढंसं उत्तर मनाला किती लागतं, हे उपेंद्ररावांना आज कळलं. मग ते खाली तिच्याशेजारी बसले आणि परातीतल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या.

"पंखाची जोडणी," शेंग सोलता सोलता ते म्हणाले. "पंख विमानाला जिथे जोडतात ना, तिथलं काम होतं माझं. याहून जास्त नाही सांगता येणार."

नीलाताईंचे हात थांबले. "बरं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पासवर्ड मात्र सांगितला नाही.