होडीचे सहा

शहात्तराव्या वर्षी मी आफ्रिकेला जायचं म्हणते हे ऐकून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिथे आपलं कोण आहे?"

आता कोणी नाही, हे खरंच. पण एके काळी होतं.

आमचे हे शिलाईयंत्रांचे मेकॅनिक. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा एका तयार कपड्यांच्या कंपनीनं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका छोट्या देशात कारखाना काढला आणि साठ यंत्रं बसवायला, तिथल्या मुलींना ती दुरुस्त करायला शिकवायला यांना दोन वर्षांसाठी पाठवलं. पहिलं वर्ष संपलं की महिनाभर मी तिकडे जायचं, असं निघतानाच ठरलं होतं. मी घरी ब्लाउज शिवून तिकिटाचे पैसे साठवत होते. तिकिटापुरते झालेही.

तेवढ्यात माझ्या नणंदेचा नर्सिंगला नंबर लागला. सासरे नुकतेच गेले होते. फी, वसतिगृह, गणवेश, सगळं एका महिन्यात भरायचं. मी पोस्टात गेले, पैसे काढले आणि भरले. कोणी मला सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचा पस्तावाही झाला नाही. यांना कळवलं, तर यांचं एका ओळीचं उत्तर आलं : "बरं केलंस. समुद्र कुठे पळून जात नाही."

समुद्र नाही पळाला. वर्षं पळाली. मूल झालं, सासूबाईंचं आजारपण निघालं, घर बांधलं. जायचं तेवढं राहून गेलं. यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. गुडघे तपासताना डॉक्टर म्हणाले, "यंदा चालाल. पुढच्या वर्षीचं मी लिहून देत नाही." त्याच संध्याकाळी मी पत्रांचा डबा खाली काढला.

नात कॉलेजच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी माझा डबा, आणि मध्ये माझ्या ठेवीची पावती. तेवढ्यातच सगळं बसवायचं होतं. मुलाकडून मला काही घ्यायचं नव्हतं.

"आजी, हंगाम सोडून गेलीस तर विमान बरंच स्वस्त पडेल. पण तेव्हा तिथे पाऊस धो धो."

"पावसात गुडघे कुरकुरतात. कोरड्या दिवसांतलंच बघ."

"मग दोन ठिकाणी विमान बदलावं लागेल. आणि हॉटेल नाही, साधं अतिथिगृह. समुद्रापासून दहा मिनिटं. पंखा आहे, एसी नाही."

"तुझ्या आजोबांकडे पंखाही नव्हता."

"आणि गंमत बघ, एकटी राहा नाहीतर दोघी राहा, खोलीचं भाडं तेवढंच."

हे तिनं मुद्दामच म्हटलं. कारण मुलानं अट घातली होती : एकटीनं जायचं नाही, आत्या बरोबर असेल तर जा. आणि त्याची आत्या, म्हणजे माझी नणंद, बॅग भरून तयारच होती. मीच नाही म्हणत होते. महिनाभर याच एका गोष्टीवर गाडं अडलं होतं.

वन्सं माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून "वन्सं"च म्हणते. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली दहा हेडनर्स म्हणून. त्यामुळे साधं पाणी द्या म्हणाल्या तरी हुकूम वाटतो. लग्न केलं नाही. दर शनिवारी येतात, माझं ब्लडप्रेशर बघतात, आणि ते बरं निघालं तर थोड्या हिरमुसतात.

त्या शनिवारी आल्या त्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढतच.

"पिवळ्या तापाची लस. त्याचा दाखला असल्याशिवाय तिथे उतरू देत नाहीत. आणि साठीनंतर ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, वहिनी. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. मच्छरदाणी माझ्याकडे आहे, डबल बेडची."

"सिंगलची मिळत नाही का?" मी म्हटलं.

"मिळते. पण मग मी कुठे झोपू? बाहेर डासांना सोबत म्हणून?"

नात खाली मान घालून हसायला लागली.

"वन्सं, तुम्ही घोरता."

"आणि तू झोपेत बोलतेस. दादा सांगायचा."

मी चहा टाकायला उठले. मला तिथे एकटीनं का जायचंय, हे त्यांना कसं सांगू? यांच्या पत्रांतला तो बाजार, तो धक्का, ती समोरच्या बेटावर जाणारी होडी, हे सगळं मला यांच्या बरोबर बघायचं होतं. शेजारी दुसरं कोणी बोलत असलं की यांचा आवाज मला ऐकू येईनासा होतो. हे कुणाला सांगायचं म्हणजे म्हातारीला चळ लागला म्हणतील.

चहा घेऊन आले तेव्हा नातीनं नवाच उद्योग काढला होता. यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या पंधरवड्याचे भाव असायचे. ते ती तारखेनुसार तक्त्यात भरत होती. एका बाजूला आजोबांचे भाव, दुसऱ्या बाजूला आजचे.

"वाच ना," वन्सं म्हणाल्या. "आई गेल्यावर ही यादी ऐकलीच नाही."

त्या याद्या आमच्या घरात गाजलेल्या होत्या. पत्र आलं की सासूबाई मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. पाव दोन, नारळ दोन, तळलेले मासे दोन ताटं, प्रत्येकापुढे तिथल्या चलनातला आकडा, मग होडीचे सहा, खोलीचे चाळीस. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "दोन ताटं? हा तिथे घोडा झालाय की काय? इथे बायको सुईत डोळे घालून बसलीय, आणि हा नारळ पितोय जोडीनं." मी हसून न्यायचे. पण खोटं कशाला बोलू, मनात मलाही लागायचं. एकदा भांडणात यांना बोललेही होते, की तुम्ही तिथे राजासारखे राहिलात. हे समोरच्या यंत्राच्या चाकात तेल घालत राहिले.

आणि गंमत म्हणजे हे परत आले ते काडीसारखे होऊन. विजारीला मी चार बोटांची टीप घालून दिली होती. दोन ताटं खाणारा माणूस वाळला कसा, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

"आजी, मार्चमध्ये तिथे काही झालं होतं का?" नातीनं विचारलं.

"का गं?"

"मार्चच्या दुसऱ्या पत्रापासून सगळं निम्मं झालंय. पाव एक. नारळ एक. मासे एक ताट."

"त्याच महिन्यात मी फीचं कळवलं होतं," मी म्हटलं. "मग यांनी हात आखडता घेतला. घरी ओढ आहे म्हटल्यावर पोटाला चिमटा काढला."

वन्संनी कप खाली ठेवला. "बघ. म्हणजे माझ्या फीपायी दादा उपाशी राहिला. वहिनी, तू मला हे कधीच सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? माणूस काटकसर करतो."

"हो, पण आजी," नात पडद्याकडे बघत म्हणाली, "होडीचे सहा होते, त्याचे तीन झालेत. होडीत काय काटकसर करणार? अर्ध्या रस्त्यात उतरणार?"

वन्सं चष्मा लावून पडद्याकडे सरकल्या.

"आणि खोली?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"खोली चाळीसच. आधीही चाळीस, नंतरही चाळीस."

मी डब्यातलं फेब्रुवारीचं पत्र उचललं. निळा पातळ कागद, घडीवर फाटलेला. यांची एक सवय होती. यंत्राची सुई कधी एक घ्यायचे नाहीत. एक यंत्रात, एक डबीत. "काम जोडीवर चालतं," असं शिकाऊ मुलांना सांगायचे. मी ती यादी पुन्हा वाचली. पाव दोन. नारळ दोन. होडीचे सहा. हे कधी खाल्लेल्याचे हिशेब नव्हतेच. मी आले की काय लागेल, ते हे पंधरवड्याला बाजारात विचारून लिहीत होते. माझं ताट धरून. आणि मी येत नाही असं कळलं, त्या पत्रापासून त्यांनी माझं ताट उचललं. एक शब्द न बोलता.

खोलीचं भाडं तेवढं बदललं नाही. एकटा राहा नाहीतर दोघं राहा, ते तेवढंच.

वन्संना माझ्याआधी कळलं होतं. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या होत्या, सोडत होत्या, पुन्हा मारत होत्या. हेडनर्स बाईला असं बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"सत्तेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "वहिनी, मी नुसते तिकिटाचे पैसे खाल्ले असं समजत होते."

"वन्सं, उगाच काही बोलू नका. तुम्ही शिकलात म्हणून सासूबाईंची शेवटची दोन वर्षं धड गेली. यांच्या उशाशीही तुम्हीच होतात. मला तर सुई टोचलेलीही बघवत नव्हती."

"तरी."

"तरी काय? यांना राग असता तर यांनी लिहिलं असतं. यंत्राच्या कंपनीला तक्रारीची चार पानं लिहायचा माणूस."

त्या हसल्या, पण डोळे पुसूनच. नात कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती. पोरीचे हात कळफलकावर तसेच थांबले होते.

मला एकटीनं जायचं होतं, कारण तिथे आम्ही दोघं असू अशी माझी समजूत होती. पण यांनी त्या गावात मार्चपर्यंतच्या मोकळ्या संध्याकाळी दोघांच्या आकड्यात काढल्या, आणि पुढच्या सगळ्या एकट्याच्या. त्या धक्क्यावर एकटं बसून यांचं एकदा झालं होतं. पुन्हा ते कशाला?

"त्या फॉर्मात माणसं किती लिहिलीस?" मी नातीला विचारलं.

"एक. तूच सांगितलंस."

"दोन कर."

वन्सं लगेच ताठ झाल्या. "माझं तिकीट मी भरणार. आणि तुझंही."

"तुमचं तुम्ही भरा. माझं माझ्या ठेवीतून. खोली निम्मी निम्मी."

"वहिनी, तुझं एकदा तरी मला देऊ दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीसारखा झाला होता. तेव्हा मी फी भरली आणि पावती त्यांच्या हातात दिली, तेव्हाचा तोच.

"बरं. होडीचं तुम्ही भरा," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच. पण जातानाचं आणि येतानाचं. आणि घोरलात तर मच्छरदाणीबाहेर."

नातीनं नाक ओढलं आणि पुन्हा टायपायला लागली. थोड्या वेळानं थांबली. "आजी, होडीचा आजचा भाव कुठेच सापडत नाहीये. काय लिहू?"

"सहा लिही."

"अगं, पन्नास वर्षं होत आली. आता कितीतरी पटीनं झाला असेल."

"तिथे गेल्यावर बदलू," मी म्हटलं. "आत्ता सहाच लिही."