पडद्यावर सहा, कोठारात पाच

मी ईआरपी बोलतोय, म्हणजे धंद्यातल्या मालाच्या नोंदी ठेवणारी संगणकातली प्रणाली. नाव ऐकून दचकू नका. माझं काम घरातल्या थोरल्या सुनेचं: कोठीत काय आहे, चुलीवर काय चढलं, कुणाच्या पानात काय गेलं, सगळं ध्यानात ठेवायचं.

माझं घर म्हणजे स्वीडनमधली, सिल्यान तळ्याकाठची एक बेकरी. तिथे तिळाची कडक भाकरी बनते. मालक रूनारने चार वर्षांपूर्वी मला संगणकात बसवलं. त्याआधी हे सगळं कोठार सांभाळणाऱ्या गुनवोरच्या डोक्यात असायचं. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, कोणतं पोतं? कुठल्या खेपेचं? किती वाजता काढलं?

"तीस वर्षांत नवऱ्याने एवढे प्रश्न विचारले नाहीत मला! चोंबडा मेला!" ती कडाडली. तेव्हापासून मी चोंबड्या. राग आला नाही म्हणालो तर खोटं होईल.

आमच्याकडे साडेनऊची कॉफी म्हणजे कॉफी. आभाळ कोसळलं तरी ती चुकत नाही. पोती घाईने काढायची, कॉफी प्यायची, गप्पा हाणायच्या आणि मग सगळ्या नोंदी आठवून आठवून एकदम माझ्या तोंडात कोंबायच्या. मला ना हात ना डोळे. सांगाल ते खरं.

जूनमधल्या एका बुधवारी ट्रकवाल्या स्तूरेची साठी झाली. मोठा हिरवा केक आला आणि कॉफी चांगली तासभर लांबली.

शुक्रवारी पावणेतीनला तीळवाल्या व्यापाऱ्याचा फोन आला. "दोनशे सतरा नंबरची खेप वापरू नका. त्यात शेंगदाण्याचा कूट मिसळलाय." शेंगदाणा ज्यांना सोसत नाही, त्यांचा घसा सुजून श्वास कोंडतो. आणि आमच्या खोक्यांवर तर 'शेंगदाणा नाही' असं ठळक छापलेलं. रूनारने घाईघाईने मला विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं: सहा पोती आली, सहाही कोठारात आहेत, एकही फोडलेलं नाही.

"सुटलो बुवा!" रूनार म्हणाला.

"थांब, मी मोजून येते," गुनवोर उठली.

"अगं, पडद्यावर दिसतंय ना?"

"पडद्यावर मीच लिहिलंय, म्हणून तर जाते."

परतली ती पांढरीफटक होऊन. "पाचच आहेत. आणि दोनशे सोळाचं एक जास्त निघालं. बुधवारी केकच्या गडबडीत तिळाच्या तीन पोत्यांतलं एक चुकीच्या थप्पीतून काढलं, आणि नंतर तिन्ही सोळाचीच म्हणून लिहिली. चूक माझी आहे, रूनार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं मी बोललो नव्हतो, पण किती ठासून सांगितलं होतं!

"ते नंतर बघू," रूनार म्हणाला. "चोंबड्या, बुधवारच्या तिळाच्या भाकऱ्या गेल्या कुठे?"

पापणी लवायच्या आत मी सांगितलं. तीनशे साठ खोकी. तीनशे वीस मागच्या गोदामात, सोमवारच्या गाडीसाठी. चाळीस काल गेली, तळ्यापलीकडच्या मुलांच्या शिबिरात. मागणीत लिहिलं होतं: शुक्रवारी चार वाजता, पहिल्या दिवशीच्या खाण्यासाठी.

शिबिरात फोन कुणी उचलेना. "ऊन पडल्यावर या देशात फोन कोण उचलतो!" स्तूरे ओरडला आणि किल्ली घेऊन पळाला. तीन वाजून दहा मिनिटं. रस्ता चाळीस मिनिटांचा.

गुनवोर माझ्यासमोर बसून राहिली. तिने मला एकही शिवी दिली नाही, आणि तेच मला सोसवेना.

"सोमवारपासून मी येत नाही," ती म्हणाली.

"तू गप्प बसली असतीस तर मी आत्ता निवांत घरी निघालो असतो, आणि तिकडे मुलांनी त्या भाकऱ्या खाल्ल्या असत्या," रूनार म्हणाला. "सोमवारी वेळेवर ये."

आली ती. आता मी कोठाराच्या दारातच बसतो. पोत्यावरचा नंबर वाचणारा एक डोळाही मला मिळालाय; पोतं मला दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. कॉफी गार झाली तर होऊ दे, असं गुनवोरच सगळ्यांना दरडावते. दुसऱ्या बेकऱ्यांची माणसं मला बघायला येतात तेव्हा मी भाव खातो. पण त्यांना माझं एकच मागणं असतं, आणि तुम्हालाही तेच: मला हुशार समजू नका. मला खरं सांगा, लगेच सांगा, आणि चुकलात तर तेही सांगा. मग बघा मी काय करतो ते!

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता स्तूरे परतला. घामाने निथळत तो थेट माझ्यासमोर बसला आणि एका बोटाने नोंद करू लागला. गुनवोर त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर वाचत होती. शेवटच्या शब्दाला तिने अशी आरोळी ठोकली की भट्टीवरची माणसं धावत आली.

ती नोंद माझ्यात जशीच्या तशी आहे: "चाळीस खोकी परत. एक फोडलेलं. लोणी लावून ताटं मांडली होती, ती उचलली. भाकऱ्या मोजल्या, एकही कमी नाही. मुलं त्रेचाळीस, सगळी अजून तळ्यात डुंबताहेत."