क्योतोतला बंद डबा

मी बोलतोय तो मृणालिनीकाकूंच्या स्वयंपाकघरातून. स्टीलचा गोल डबा आहे मी, दोन्ही बाजूंना खटके असलेला. झाकणावर कोरलंय: 'चि. सौ. कां. मृणालिनीस, रवींद्रमामांकडून'. देणाऱ्याचं नाव आहे, घेणारीचं आहे. माझं कुणी विचारलं नाही.

काकूंच्या लग्नानंतर त्यांच्या बॅगेतून मी अमेरिकेत आलो आणि मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत स्थायिक झालो. व्हिसाची कटकट मला नव्हती.

तेव्हापासून या कुटुंबानं जे जे पाहिलं, ते मी पार्किंग लॉटमधून पाहिलं. नायगारा असो नाहीतर ग्रँड कॅन्यन, मला गाडीच्या डिकीवरच उघडलं गेलं. हेमचंद्रकाका इंजिनियर. जन्मभर पूल बांधले, पण बाहेरच्या जेवणावर भरवसा ठेवणं त्यांना जमलं नाही. निसर्गाला ते दहा मिनिटं देत आणि मला अर्धा तास.

त्यासाठी काकू पहाटे चारला उठत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. वाढायचं आधी काकांना, मग लेकीला, अदितीला. उरेल ते काकूंनी खायचं, तेही उभ्यानं. माझा तळ त्यांच्याइतका कुणी पाहिलेला नाही.

या वर्षी दोघं जपानला निघाले. अदितीनं क्योतोतल्या एका देवळात दुपारचं जेवण बुक करून दिलं. भिक्षूंचं पारंपरिक जेवण.

"बाबा, इट्स प्युअर व्हेज. रिलॅक्स!"

"तिथे पाण्यातसुद्धा मासा उकळतात," काका म्हणाले. "मृणाल, कॅन्सल करून टाक. दशम्या आहेत ना."

"बरं," काकू म्हणाल्या. इतकं छोटं 'बरं' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

क्योतोत सकाळी आम्ही डोंगरावरच्या लाल कमानींखालून चाललो. संपता संपेनात. काकू कमानी बघत होत्या, काका मनगटावरच्या घड्याळात पावलं. मग त्या देवळात आलो. तिथे पंधरा दगडांची बाग आहे. कुठेही बसा, एखादा दगड लपतोच. काकांना चौदा दिसले.

"डिझाइनमध्ये चूक आहे," त्यांनी निकाल दिला.

बारा वाजले. काकांनी बागेसमोरच्या लाकडी ओसरीवरच फतकल मारली आणि माझे खटके उघडले. शेकडो वर्षांच्या त्या शांततेत लसणाची चटणी दरवळली. ध्यान लावून बसलेल्या एका पाहुण्यानं डोळे उघडले. देवळातली एक म्हातारी बाई लगबगीनं आली, कमरेत वाकली, हातांनी नकाराची फुली केली आणि पुन्हा वाकली. इतक्या अदबीनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

काकूंनी झाकण लावलं. खट्, खट्.

"चला. साडेबाराचं बुकिंग आहे."

"अगं, तू कॅन्सल केलंस ना?"

"बरं म्हणाले होते. कॅन्सल नव्हतं केलं."

"आणि मी काय खायचं?"

"हा डबा घ्या. फाटकाबाहेर बाक आहे. मला आज बसून जेवायचंय. गरम. दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं."

काका मला घेऊन बाकाच्या दिशेनं गेले. बारा पावलं, घड्याळात नोंद असेल. मग वळले आणि काकूंच्या मागोमाग बूट काढून आत आले.

वाढणारीनं गुडघे टेकून पहिलं ताट काकूंसमोर ठेवलं. काळ्या वाट्या, गरम पाण्यात तरंगणारं टोफू, तिळाची थरथरती वडी, खारवलेला मुळा, भात. काकूंनी वाफेवर चेहरा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काकांनी वडीला चॉपस्टिकनं टोचून पाहिलं, मग एक तुकडा तोंडात टाकला.

"खरवसासारखं लागतंय गं!"

"जेवताना बोलू नका," काकू म्हणाल्या.

काकांनी भात दोनदा मागून घेतला. मी कोपऱ्यात बंद. राग आला नाही असं नाही. पण आत दशम्या होत्या आणि दशम्यांना घाई नसते.

संध्याकाळी परतताना बुलेट ट्रेनमध्ये काकांनी मला मांडीवर घेतलं. झाकण उलटं धरून त्यावर दशमी ठेवली, शेजारी चटणी, थोडी पँटवरही सांडली. झाकण काकूंपुढे धरलं.

"आधी तू."

काकूंनी बसूनच खाल्ली.

आता मी श्रूजबरीत, फ्रिजवर असतो. एक खटका सैल झालाय, कोरलेलं नाव अजून वाचता येतं. माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही, हे मला ठाऊक आहे. प्रवासाला मला जरूर न्या. फक्त पहाटे मला भरणारीला आदल्या दिवशीच विचारा, उद्या तिला कुठे बसून जेवायचंय.