मुरुमातली धायटी

जिभेला हाड नसतं, याचा पुरावा देऊळघाटच्या गोजरबाईंनी दिवाळीतच देऊन ठेवला होता. शेगावच्या विहीणबाई अन्नपूर्णाबाई आपल्या गुलाबांचं कौतुक काही केल्या थांबवीनात, तेव्हा त्या बोलून गेल्या, "फागुनात या आमच्याकडं. दारात धायटी फुलते, नुसता जाळ!"

दारात धायटी होती, हे खरं. फुलली कधीच नव्हती, एवढंच.

धायटी हे डोंगरचं झुडूप. बुलढाण्याच्या घाटात खडकाला चिकटून वाढतं, कमरेएवढं, आणि फागुनात लालभडक होतं. रोपवाटिकेतून गोजरबाईंनी दोन रोपं आणली होती. एक दाराशी लावलं. वांगी-मेथीत जन्म गेलेल्या बाईला झाड उपाशी कसं पाहवेल? शेणखत, ठिबक, उन्हाळ्यात गोणपाटाची सावली. जावयाचाही एवढा पाहुणचार झाला नव्हता. दुसरं रोप वामनरावांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, घरामागच्या मुरुमाच्या ढिगात खोचलं. तिकडं पुन्हा कोणी फिरकलं नाही.

फागुन आला, विहीणबाईंचा फोनही आला. दारची धायटी पुरुषभर उंच, पानांनी गच्च. फूल एक नाही.

"अहो, काई तरी करा नं!"

"गणपतीचे प्लास्टिकचे फुलं हायत माळ्यावर. बांधू का?"

"तुमाले मस्करी सुचून राह्यली! माही इज्जत चालली अठी!"

अन्नपूर्णाबाई ऑटोतून उतरल्या, झाडाभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "कायची भाजी हाय हे, इहीनबाई?"

भुई पोटात घेईल तर बरं, असं गोजरबाईंना झालं. तेवढ्यात एक इवलंसं जांभळं पाखरू डोक्यावरून सुर्रकन गेलं. मागोमाग दुसरं, तिसरं.

"हे सारे कुठी चालले वं?" विहीणबाई घराला वळसा घालून गेल्या आणि तिकडूनच ओरडल्या, "अगं माय वं!"

गोजरबाई पदर सावरत धावल्या. मुरुमाचा ढीग पेटला होता! फांदीफांदीला लाल फुलांचे घोस, आणि त्यांत चोची खुपसून पाखरांची पंगत बसलेली.

"मीच लावली," वामनराव छाती काढून म्हणाले.

"खत कोणतं देता?" विहीणबाईंचा डोळा हलेना.

"काईच नाई!"

"पाणी?"

"एक थेंब नाई, देवाशप्पथ!" गोजरबाईंनी गळ्याला हात लावला. विहिणीशी इतकं खरं त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग वामनरावांना म्हणाल्या, "पाहा भाऊ. लेक आमच्या घरात देली, पण खताचं नाव सांगून नाई राह्यली!"

गोजरबाई तोंडाला पदर लावून चहा ठेवायला पळाल्या. जाता जाता दारच्या धायटीचं ठिबक तेवढं बंद केलं.