धाकट्या बाईंचा तास

आई गेली ती कामाच्या दिवशी, दुपारी सव्वाबाराला, शाळेच्या कार्यालयात, खुर्चीत बसल्या बसल्या. समोर वेळापत्रक होतं. दोन शिक्षक रजेवर होते आणि त्यांचे तास कोणाच्या गळ्यात घालायचे हे ती ठरवत होती. शिपाई सही घ्यायला आत गेला तेव्हा त्याला वाटलं, मोठ्या बाई विचारात आहेत. म्हणून तो पाच मिनिटं दाराशी उभा राहिला. हे त्याने मला स्वतःहून सांगितलं आणि पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत राहिला. पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण ते मी विचारल्यावर म्हणाले, त्यामुळे ते किती खरं होतं ते मला माहीत नाही.

मुख्याध्यापिकेची खुर्ची फार दिवस रिकामी ठेवता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात मावशीच्या हातात कागद पडला. नवीन नेमणूक होईपर्यंत कार्यभार तिने सांभाळावा.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, सात वर्षांनी लहान. त्याच शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत होती. दोघी एका शाळेत, म्हणून आई मोठ्या बाई आणि ही धाकट्या बाई. मुलं मात्र तिला कंपास म्हणत, कारण ती उंच, काटकुळी आणि चालताना दोन पावलांतलं अंतर कधी चुकत नसे. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिचं लग्न झालं नव्हतं. तिच्या भाषेत सांगायचं तर, तिने ते होऊ दिलं नव्हतं.

उपमुख्याध्यापकाची जागा चार वर्षं भरलेली नव्हती. ते काम आई स्वतःच्या कामाच्या जोडीला ओढत होती. आता दोन्ही कामं मावशीकडे आली, वर तिचे स्वतःचे तास. तिने बाकीचे सगळे तास वाटून टाकले, एक सोडून. आठवी ब, चौथा तास, भूमिती. तो का ठेवलास, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की दिवसातून एक तास तरी असा हवा, जिथे प्रश्नाला उत्तर असतं.

मी आले होते आईचं घर आवरायला, दोन आठवड्यांसाठी. मुद्रितं तपासण्याचं माझं काम कुठूनही करता येतं, म्हणून राहिले. मावशीकडेच राहिले. तिचे पाय संध्याकाळी सुजलेले असत. चपलेचा पट्टा एक भोक सैल करून ती शाळेत जायची आणि येताना तो दुसऱ्या भोकावर असायचा. शाळेत वरच्या मजल्यावर जाताना ती जिन्याच्या वळणावर सूचनाफलक वाचत थांबायची. फलकावर मागच्या वर्षीची सूचना होती. एकदा मी शिपायाला त्याबद्दल सहज बोलले. तो म्हणाला, मोठ्या बाईपण तिथेच थांबायच्या.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मावशीने यातून बाहेर पडावं, पुन्हा नुसती गणिताची बाई व्हावं, एवढंच मला हवं होतं. तिलाही तेच हवं होतं. पण तसा अर्ज करायला तिचा हात उठत नव्हता. ताईची खुर्ची आहे, म्हणायची.

आईच्या कपाटात एक जाड फाइल सापडली. वर तिच्या ठसठशीत अक्षरात ‘स्वास्थ्य’ असं लिहिलेलं. शिक्षण कार्यालय दर तीन महिन्यांनी सगळ्या मुख्याध्यापकांना एक प्रश्नावली पाठवतं. वीस प्रश्न, बहुतेकांना एक ते पाच गुण द्यायचे. पुरेशी झोप मिळते का. मदत मागता येते का. गेल्या तीन महिन्यांत स्वतःच्या कामाबद्दल काही नवीन शिकायला मिळालं का. सहा वर्षांच्या प्रश्नावल्या होत्या आणि प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत चार, चार, चार. शेवटी ‘आपल्याला काही सांगायचे आहे का’ अशी चौकट होती. तिच्यात ‘नाही’. अखेरची प्रश्नावली ती जाण्याच्या अकरा दिवस आधीची होती. तिच्यातही चारच.

मावशी हसली. सगळेच चार लिहितात, म्हणाली. पाच लिहिलं तर थट्टा वाटते, तीन लिहिलं की फोन येतो आणि दोन लिहिलं की पाठबळ दारात उभं राहतं. नव्या मुख्याध्यापकाला किल्ल्या कुठे असतात हे सांगायच्या आधी कोणीतरी हे सांगतं. शाळेचे हेडक्लार्क तर म्हणायचे, आमच्या बाईंना बाकी काही येवो न येवो, चारचा पाढा पक्का आहे.

मी म्हटलं, आईने एकदा जरी दोन लिहिलं असतं तरी कोणीतरी आलं असतं.

“आली असती ना माणसं,” मावशी म्हणाली. “मग त्यांना चहा कोणी विचारायचा, आणि तोवर रजेवरच्यांचे तास कोणी बघायचे?”

मला तेव्हा हे निव्वळ फाटे फोडणं वाटलं. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाचा एक समज असतो, की खरं ते नीट लिहिलं की त्याचं काहीतरी होतं.

त्या तिमाहीची प्रश्नावली आली तेव्हा मावशीच्या सहीनेही सगळे चारच जाणार, हे मला दिसत होतं. तीन संध्याकाळी आमची वादावादी झाली. म्हणजे मी वाद घालत होते आणि ती भाजी निवडत होती. मी सांगितलं की कागदावर आल्याशिवाय कार्यालयाला काही दिसत नाही. उपमुख्याध्यापक मिळेल, नाहीतर निदान कार्यभार तरी काढून घेतील. तिने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं, की कार्यालयाला तू ओळखत नाहीस. शेवटी मी जे बोलू नये ते बोलले.

“आईला मी कधी विचारलं नाही. तुला विचारतेय.”

तिने भाजी बाजूला ठेवली. मग हात पुसून कागद माझ्यापुढे सरकवला.

“घे. तू विचार, मी सांगते आणि तूच लिही. तुझं अक्षर लोक वाचतात तरी.”

ती ताठ बसली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. झोपेला दोन दिले. प्रकृतीला थोडी घासाघीस करून दोन.

“मदत मागता येते का?”

“येते की. पाच.”

“मिळते का?”

“तो प्रश्न त्यात नाहीये.”

नव्हताच. मी पाचाच्या जागी एक लिहिलं आणि तिने मला अडवलं नाही. सतराव्या प्रश्नाला गुण नव्हते, ओळी होत्या. कामाचा असा कोणता भाग आहे का, ज्यातून आपल्याला आनंद मिळतो? ती जराही न थांबता म्हणाली, आठवी ब, चौथा तास. मी ते तसंच लिहिलं. खाली चौकटीत उपमुख्याध्यापकाविषयी अर्धं पान, आणि कार्यभारातून मोकळं करण्याची विनंती. तिने न वाचता सही केली.

नवव्या दिवशी शिक्षण कार्यालयाचे सल्लागार आले. मी कोणा कपाळावर आठ्या घातलेल्या साहेबाची वाट पाहत होते. आले ते तिशीतले, हळू आवाजात बोलणारे, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारे गृहस्थ. दोन दिवस शाळेत होते. डबा स्वतःचा आणला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयाचं दार तासभर बंद राहिलं आणि मावशी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा रडले, असं तिने घरी येऊन सांगितलं आणि लाजली. त्या रात्री ती सलग सहा तास झोपली. पुढचे दोन आठवडे मी शीळ घालत मुद्रितं तपासली.

मग योजना आली. अकरा पानांची होती. सल्लागार स्वतः घरी घेऊन आले, टपालाने पाठवली नाही, हे त्यांचं मोठेपण. ते एकेक पान उलटून समजावत होते आणि प्रत्येक पानाला त्यांचा आवाज आणखी खाली जात होता. उपमुख्याध्यापकाच्या जागेची शिफारस केली होती, पुढचं त्यांच्या हातात नव्हतं. अर्धं पान त्यांनी जसंच्या तसं वर पाठवलं होतं. मावशीने रोज एक नोंदवही भरायची होती, झोप, थकवा, मनःस्थिती, आणि ती रोज पाठवायची होती. एक शनिवार आड मुख्याध्यापकांची मन मोकळं करायची बैठक, उपस्थिती सक्तीची. शिवाय नेतृत्व आणि स्वास्थ्य या विषयावर तीस तासांचा अभ्यासक्रम, शाळा सुटल्यावर.

मावशीने कार्यभार सोडण्याचं विचारलं. ते म्हणाले की योजना चालू असताना, म्हणजे सहा महिने, कार्यभार बदलता येत नाही. पूर्वी एका मुख्याध्यापकाने दोन लिहिलं आणि त्यांना खुर्चीवरून काढलं. मदत मागण्याची शिक्षा होऊ नये म्हणून तेव्हापासून हा नियम केला. त्यांनी तो खरोखर चांगला नियम असल्यासारखा सांगितला. तो चांगलाच होता.

नवव्या पानावर ‘कार्यभार हलका करणे’ असं शीर्षक होतं. त्याखाली एकच ओळ. आठवी ब चा तास तात्पुरत्या शिक्षिकेकडे देण्यात यावा, मुख्याध्यापिकेने अध्यापन करू नये.

मावशीने ती ओळ दोनदा वाचली असावी.  मी सल्लागारांना म्हटलं, सतरावा प्रश्न बघा. त्यांनी जोडलेली प्रश्नावली काढली, पान शोधलं आणि माझं अक्षर वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

“त्या अजून शिकवतात हे मला इथूनच कळलं,” ते म्हणाले. “बाकी कशाला हात लावायचा मला अधिकार नव्हता. एवढंच हलकं करता येत होतं.”

बदलता येईल का, असं मी विचारलं. सह्या झाल्या होत्या. तीन महिन्यांनी आढावा होता, तेव्हा सुचवतो म्हणाले. मला आवाज चढवायचा होता. पण समोरचा माणूस आधीच इतका खजील झाला होता की कोणावर चढवायचा ते कळेना. मावशीने त्यांना विचारलं, आणखी थोडा चहा घेता का. त्यांनी घेतला.

सोमवारी तात्पुरती शिक्षिका रुजू झाली. कोऱ्या साडीतली, उत्साही, फळ्यावर सुंदर अक्षर काढणारी मुलगी. मी अभ्यासक्रमाचे कागद मावशीकडे द्यायला शाळेत गेले होते. चौथ्या तासाची घंटा झाली. मावशी टेबलाशी नोंदवही भरत होती. म्हणाली, चल, फेरी मारून येऊ. मुख्याध्यापिकेला फेरी मारता येते.

आठवी ब च्या दाराशेजारच्या खिडकीपाशी आम्ही थांबलो. फळ्यावर त्रिकोण होता, दोन बाजू अगदी सारख्या, देवळाच्या शिखरासारखा देखणा. तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी कशी ते बाई सांगत होत्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सगळ्या त्रिकोणांची तेवढीच येते की फक्त याच्यासारख्यांची? बाई म्हणाल्या, सगळ्यांची, पुस्तकात दिलं आहे, लिहून घ्या. मुलीने लिहून घेतलं.

मावशीचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. तिथेच राहिला. वर्गासमोर शिक्षकाची चूक काढायची नाही, हा त्या शाळेत आईने घातलेला दंडक. सव्वीस वर्षांत मावशीची चूकही कोणी तशी काढली नव्हती.

“जरा वाकडातिकडा काढायला हवा होता,” ती हळूच म्हणाली. “मग तिला विचारावंच लागलं नसतं.”

शिपाई सांगत आला की शुक्रवारची नोंद पोचली नाही म्हणून कार्यालयातून फोन आहे. येते म्हणून सांग, असं म्हणून ती वळली. चालत चालत, कुठली बस पकडायची ते सांगावं तशा स्वरात, ती मला म्हणाली,

“तू आता तुझ्या घरी जा, राणी. तू इथे असलीस ना, की मला बरं असल्याचं दाखवावं लागतं. तेवढं एक काम कमी होईल.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी राहिले असते.

शुक्रवारी मी निघाले. निघताना तिने मला डबा दिला आणि दारातूनच परत फिरली, कारण अभ्यासक्रमाचा पाचवा तास सुरू व्हायचा होता. योजनेचे अजून चार महिने बाकी आहेत. दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते आणि कशी आहेस म्हणून विचारते. ती लगेच उत्तर देते, इतकं लगेच की माझा प्रश्न पुरता विचारूनही होत नाही.